मदत हवी आहे : फोन बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला की मुद्रिते पुढे सरकत नाहीत

काना_मात्रा (सोमवार, सकाळी ११.१०)
मी मुलुंडला राहते आणि घरूनच मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईपूर्वीची पाने (मुद्रिते) वाचून चुका दुरुस्त करण्याचे काम करते. गेल्या महिन्यात एका गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत, माझ्या नजरेखालून गेलेल्या पानावर, मथळ्यातच ‘वर्धापन दिन’ऐवजी ‘वर्धापन दीन’ असे छापून आले. मथळा वाचायच्या आधी मी फोन उचलला होता आणि परतल्यावर थेट खालच्या मजकुरापासून वाचायला घेतले होते. आता हातात २०८ पानांचे, म्हणजे सोळा पानांचा एक अशा तेरा फर्म्यांचे पुस्तक असून ते शुक्रवारी द्यायचे आहे. फोन कामापुरताच कसा वापरावा, याचा उपाय हवा आहे. व्हिडिओच्या ॲपला रोज अर्ध्या तासाची मर्यादा लावून पाहिली, पण मर्यादा संपली की मीच सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढून टाकते. ‘फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला कृपया देऊ नये, ते शक्य नाही.

गिरगावकर_आजोबा
ताई, साधा बटणांचा फोन घ्यावा. मी चार वर्षांपूर्वी घेतला आणि तेव्हापासून दुपारची झोप व सकाळचे वर्तमानपत्र, दोन्ही पूर्ण होतात.

निळी_शाई
फोन अँड्रॉइड आहे की आयफोन? दुसऱ्या खोलीत का ठेवता येत नाही? आणि वेळ नक्की कशात जातो, हे मोजले आहे का, की व्हिडिओवर केवळ संशय आहे? अँड्रॉइड असल्यास सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडावे. कोणत्या ॲपवर किती वेळ गेला, फोन किती वेळा उघडला आणि सूचना किती आल्या, हे तिथे रोजच्या रोज दिसते. हे आकडे दिल्याशिवाय कोणीही अंदाजानेच बोलणार.

डबल_फास्ट
आजोबा, बटणांच्या फोनवर क्यूआर कोड कसा स्कॅन करणार? आमच्या नाक्यावरचा भाजीवालासुद्धा आता सुटे पैसे ठेवत नाही.

गिरगावकर_आजोबा
बटणांच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवता येतात. २०२२ च्या मार्चमध्ये ‘यूपीआय १२३पे’ त्याचसाठी सुरू झाले. बँकेचा ओटीपी तर साध्या एसएमएसनेच येतो. माहिती नसताना थट्टा करू नये.

डबल_फास्ट
थट्टा केली नाही. गर्दीच्या वेळी मागे आठ माणसे उभी असताना तुम्ही ते करून दाखवा, एवढेच म्हणतो.

दहावीची_आई
माझ्या मुलीला दहावीच्या वर्षात फोन द्यावा की नाही? वर्गाच्या सूचना ग्रुपवरच येतात आणि मग अभ्यास बाजूला राहतो.

पंचवीस_मिनिटे
पोमोडोरो पद्धत वापरा. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून ती सुरू केली. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती. मी तीन वर्षे करतो आहे. दुसऱ्या कशाचीही गरज नाही.

काना_मात्रा
बटणांच्या फोनवर माझे काम होणार नाही, कारण सगळी मुद्रिते व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येतात आणि दुरुस्त्यांच्या शंकाही तिथेच विचारल्या जातात. छापखान्याने छपाईची प्लेट काढायला घेतलेली असताना दहा मिनिटांत उत्तर दिले नाही, तर चूक तशीच छापली जाते. हे उघड आहे असे वाटल्याने लिहिले नव्हते. शिवाय आई रत्नागिरीला एकटी असते, तिचा फोन चुकवता येत नाही. फोन अँड्रॉइड आहे. कालचे आकडे : व्हिडिओ ४१ मिनिटे, व्हॉट्सॲप २ तास ५० मिनिटे, फोन १४३ वेळा उघडला. पंचवीस मिनिटांचे घड्याळ लावले तर ते जोडाक्षराच्या मध्येच वाजते. मला फर्मा संपल्यावर उठायची सवय आहे, सोळा पाने म्हणजे एक बैठक.

निळी_शाई
मग व्हिडिओला मर्यादा लावून काय साधणार? दुखणे गुडघ्याचे आणि लेप कोपराला. उद्या जेवणापर्यंत एक करा. प्रत्येक वेळी फोन कशासाठी उचलला आणि खाली ठेवला तेव्हा समोर काय होते, हे मुद्रिताच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवा.

डबल_फास्ट
व्हिडिओला इतक्या लवकर निर्दोष सोडू नका. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. जागा रिकामी होताच तीन महिन्यांत भरली. शनिवारी ठाण्याला उतरायचे म्हणून निघालेला मी, एक रील संपवता संपवता पुढच्या कळवा स्टेशनला पोचलो.

काना_मात्रा (मंगळवार, दुपारी २.०५)
टिपण केले. जेवणापर्यंत अकरा वेळा फोन उचलला, त्यांपैकी आठ वेळा कारण कामाचेच होते. एक नोंद जशीच्या तशी देते. १०.२० : छापखान्यातून विचारणा, ‘पान ३७, माहीत की माहित?’ उत्तर दिले, माहीत. वीस सेकंद. त्याच्याच खाली इमारतीच्या ग्रुपवर टाकी धुण्याची सूचना होती, तिच्याखाली सतरा प्रत्युत्तरे होती, ती वाचली. मग मावसबहिणीचे स्टेटस, त्यात कोणत्या तरी व्हिडिओचा दुवा. फोन खाली ठेवला तेव्हा १०.५२ झाले होते आणि मी पान ४१ वर होते की ४२ वर, हे आठवेना. मी फोनकडे आळसाने जाते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला बोलावले जाते आणि मी परत येत नाही.

पंचवीस_मिनिटे
म्हणजे पंचवीस मिनिटे फोन बंदच ठेवायला हवा, मी तेच सांगत होतो.

निळी_शाई
छापखाना दहा मिनिटे थांबतो, हे त्यांनी वर लिहिले आहे. कृपया वाचावे.
काना_मात्रा, तुमच्याकडे छापखाना आणि टाकी एकाच यादीत एकाखाली एक बसली आहेत, अडचण तीच आहे. ती यादी फोडावी लागेल. दुसरे सिम घ्या आणि त्या क्रमांकावर ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ सुरू करा. ते ॲप मोफत आहे आणि साध्या व्हॉट्सॲपशेजारी त्याच फोनवर चालते. छापखाने व प्रकाशक यांना तोच क्रमांक द्या. मग ‘डिजिटल वेलबीइंग’मधल्या ‘फोकस मोड’मध्ये फक्त साधे व्हॉट्सॲप आणि व्हिडिओची ॲपे निवडा. तो मोड चालू असेपर्यंत त्यांची चिन्हे करडी होतात, सूचना दिसत नाहीत आणि ॲप उघडत नाही. बिझनेस ॲप लॅपटॉपला जोडून घेतले, तर पान ३७ च्या शंकेसाठी फोन हातात घ्यावाच लागणार नाही.

डबल_फास्ट
इतका खटाटोप कशाला? एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती ठेवायची सोय २०२३ पासून आहे. नाहीतर इमारतीचा ग्रुप कायमचा मूक करून संग्रहात टाकावा.

निळी_शाई
दोन खाती एकाच ॲपमध्ये असली, तर फोकस मोड दोन्ही बंद करील किंवा दोन्ही चालू ठेवील, कारण तो ॲप ओळखतो, खाते ओळखत नाही. ग्रुप संग्रहात टाकणे चांगलेच, परंतु स्टेटस तिथेच राहते आणि मावसबहीणही. फोकस मोडमध्ये ‘विश्रांती घ्या’ असे एक बटण आहे, पाच, पंधरा किंवा तीस मिनिटांचे. तुमची मर्यादा काढून टाकण्याची सवय पाहता त्याच्यापासून सांभाळावे.

काना_मात्रा
आणि आई?

निळी_शाई
‘डू नॉट डिस्टर्ब’ लावले, तरी एकाच क्रमांकावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आल्यास तो वाजू देण्याची सोय त्यात आहे.

दहावीची_आई
माझ्या प्रश्नाकडे कोणी पाहील का?

गिरगावकर_आजोबा
बटणांचा फोन द्या. वर्गाचा ग्रुप तुमच्या फोनवर ठेवा आणि सूचना वहीत लिहून तिला द्या. मी विनोद करत नाही.

काना_मात्रा (शनिवार, सकाळी ९.३०)
पुस्तक काल संध्याकाळी दिले. नवे सिम मंगळवारीच घेतले. बुधवारी तीन फर्मे झाले, गुरुवारी चार. एक छापखाना अजूनही जुन्याच क्रमांकावर पीडीएफ पाठवतो आणि मग नव्यावर ‘पाठवले आहे’ असे कळवतो, त्यांच्यासाठी दिवसातून दोनदा साधे व्हॉट्सॲप उघडावे लागते आणि त्या दोन्ही वेळा मी टाकीच्या चर्चेत सापडले. विश्रांतीचे बटण तीनदा दाबले. फोन उघडण्याची संख्या गुरुवारी ५८ होती.
दुसऱ्यांदा फोन आल्यास वाजण्याची सोय मात्र आमच्याकडे चालली नाही. आई एकदाच लावते, उचलला नाही तर ‘कामात असेल’ म्हणून ठेवून देते आणि दिवसभर पुन्हा करत नाही. गुरुवारी रात्री मीच फोन केला तेव्हा हे कळले. आता तिचा क्रमांक तारांकित करून तारांकितांना परवानगी दिली आहे. काल सकाळी अकराव्या फर्म्याच्या मध्यावर वाजला. आंब्याची पेटी पाठवली आहे, दादरला कोणी उतरवून घेईल का, असे विचारत होती.