हिवाळ्यातील युरोप सहल: अंधार आणि तिकिटे

लवकर अंधार पडतो म्हणून विद्यार्थ्यांनी डिसेंबरात युरोपला जाऊच नये, हे काहींचे मत मला अर्धेच पटते. प्राग किंवा व्हिएन्ना येथे त्या दिवसांत सूर्य ४ च्या सुमारास मावळतो हे खरे. परंतु प्रागमधील चार्ल्स पूल, किल्ला असे उघड्यावरचे सारे सकाळीच पाहून संग्रहालये संध्याकाळसाठी राखता येतात. पॅरिसचे ऑर्से संग्रहालय गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते.

विद्यार्थी ओळखपत्रावर सवलत मिळते, एवढेच सहसा सांगितले जाते. पॅरिसच्याच लूव्र संग्रहालयात मात्र युरोपीय आर्थिक क्षेत्रात (युरोपीय संघातील देश तसेच नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन) वास्तव्य असलेल्या १८ ते २५ वयाच्या व्यक्तींना प्रवेश विनामूल्य असतो, आणि निकष केवळ नागरिकत्वाचा नसून वास्तव्याचा असल्याने जर्मनीत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही, निवास परवाना सोबत असल्यास, त्याचा लाभ घेता येतो. भारतातून थेट येणाऱ्या त्याच वयाच्या मित्रांना पूर्ण तिकीट काढावे लागते (हे मला थोडे अन्यायकारकच वाटते), त्यामुळे मिश्र गटाने प्रवेशशुल्क सामाईक खर्चात धरू नये. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस या कलासंग्रहालयात १९ वर्षांखालील सर्वांनाच, देश कोणताही असो, प्रवेश मोफत आहे.