डुप्लेक्सर लहान करा, पण उष्णता कुठे ठेवणार?

रिकामी_डबी:
मोबाइलच्या मोठ्या पॉवरच्या बेस स्टेशनसाठी डुप्लेक्सर (एकाच अँटेनातून एकाच वेळी पाठवता आणि ऐकता यावं म्हणून दोन्ही सिग्नल वेगळे ठेवणारी फिल्टरची जोडी) लहान करायचा म्हटलं की हल्ली सगळ्यांचं एकच उत्तर असतं: सिरॅमिक घ्या. माझं मत उलटं आहे. पोर्टमागे (अँटेनाच्या एका जोडणीमागे) ४० ते ८० वॅट असतील तर हवेची कॅव्हिटीच, म्हणजे धातूची रिकामी डबीच ठेवा, आणि तीही किती आक्रसायची याला हद्द माना.

बँड ३ हा मोबाइलचा पट्टा घ्या. अपलिंक (फोनकडून टॉवरकडे) १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झ, डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) १८०५ ते १८८०. मधली मोकळी जागा फक्त २० मेगाहर्ट्झ. एकाच अँटेनातून ८० वॅट म्हणजे ४९ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) बाहेर फेकायचे आणि त्याच क्षणी, १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये उणे १०४ डीबीएमच्या औष्णिक गोंगाटाला टेकलेला सिग्नल ऐकायचा. अंतर १५३ डेसिबल.

डाउनलिंकला सहा रेझोनेटरचा (ठरावीक वारंवारितेला घुमणाऱ्या सहा डब्यांचा), २० डेसिबल रिटर्न लॉसचा (शंभरातला एकच भाग परत उसळवणारा) फिल्टर धरा. क्यू (रेझोनेटर ऊर्जा किती कमी गमावतो याचा आकडा) ३००० असेल तर पट्ट्याच्या मध्यावर ०.३ डेसिबलच्या आसपास लॉस, म्हणजे ८० पैकी पाचेक वॅट डबीतच जिरले. क्यू १५०० झाला की ०.६ डेसिबल, दहा वॅट. पट्ट्याच्या कडेला सिग्नल रेझोनेटरांत जास्त रेंगाळतो, तिथे याहून वाईट. आता कॅव्हिटीची प्रत्येक बाजू निम्मी करा, घनफळ आठव्या हिश्शावर येईल आणि क्यू साधारण निम्मा. चांदीचा मुलामा कितीही चांगला असला तरी या घसरणीतून सुटका नाही.

ध्रुव_शून्य:
हिशेब बरोबर, निष्कर्ष जुना. तुम्ही डबी रिकामी धरून चालला आहात. २० च्या आसपास डायइलेक्ट्रिक स्थिरांक असलेलं सिरॅमिक भरलं की तरंगलांबी साडेचार पट आखडते, म्हणजे तोच मोड (डबीतल्या लहरीचा आकृतिबंध) तिन्ही बाजूंनी तितका लहान होतो. क्यू दीड-दोन हजारांवर येतो, मान्य. पण ६४ पोर्टच्या रेडिओत एकूण २०० वॅट असले तर पोर्टमागे तीन वॅटच येतात. तिथे ०.६ डेसिबलने कोणाचा संसार बुडतो?

रिकामी_डबी:
तो ६४ पोर्टचा रेडिओ बहुतेक वेळा टीडीडी असतो. पाठवणं आणि ऐकणं आळीपाळीने. तिथे डुप्लेक्सर लागतच नाही, साधा फिल्टर पुरतो. मी एफडीडीबद्दल (दोन्ही एकाच वेळी, वेगळ्या वारंवारितांवर) बोलतोय, चार पोर्ट आणि प्रत्येकावर ८० वॅट. त्या रेडिओचं यश दाखवून याचा निकाल लावू नका.

उंचावरचा:
टॉवरवर काम करणारा म्हणून लिहितो. तुम्ही दोघं डेसिबल मोजताय, माझ्या खांद्याला किलो मोजावे लागतात. वजन आणि वाऱ्याचा दाब, दोन्हींवर टॉवरची मर्यादा असते. शिवाय रेडिओ खाली खोलीत असायचा तेव्हा वर जाणाऱ्या ३० मीटर जाड केबलमध्येच १८०० मेगाहर्ट्झला दीडेक डेसिबल जायचे. आता रेडिओ अँटेनाजवळ आला, ते वाचले. त्यातले ०.३ खर्चून डबी लहान झाली तर मी पेढे वाटीन.

रिकामी_डबी:
केबलमधली उष्णता ३० मीटरभर पसरून हवेत जायची. डुप्लेक्सर खाली होता तेव्हा त्याच्यावर पंखा होता. आता तो बिनपंख्याच्या, पॅकबंद पेटीत पॉवर अँप्लिफायरला खेटून, भर उन्हात. तेच पाच वॅट आता जड जातात. आणि पेटीचे पंखे (उष्णता सोडणारे पत्र्याचे, हवेचे नव्हे) वाढवावे लागले की तुमचं वजन परत आलंच.

लहानघर:
तिसरा रस्ता कोणी काढतच नाही. २०१३ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी वायफायवर स्वतःच्याच सिग्नलचं ११० डेसिबल दमन करून दाखवलं, एकाच अँटेनावर, एकाच वारंवारितेवर. त्या जोरावर फिल्टर निम्मा करा.

ध्रुव_शून्य:
इथे मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने. ते वायफाय होतं, २० डीबीएम, म्हणजे ०.१ वॅट. १५३ मधून ११० वजा केले तरी ४३ उरतात. दमनाचं सर्किट मदतीला घ्या हवं तर, रेझोनेटर एखादा कमी होईल. बाकी जू फिल्टरच्याच मानेवर.

स्क्रूवाली:
मी ट्यूनिंग बेंचवर बसते, त्यामुळे माझा राग वेगळा आहे. तुम्ही सगळे क्यूवर भांडताय, मला रोज छळतो तो पीआयएम, म्हणजे धातूच्या जोडांत दोन सिग्नल मिसळून उगवणारा नको असलेला तिसरा.

बँड ३ मध्ये १८०५ आणि १८८० ला एकेक कॅरियर (पाठवायचा सिग्नल) ठेवा. दोनदा १८०५ वजा १८८० किती? १७३०. थेट स्वतःच्या अपलिंकमध्ये. आणि कुठल्याही फिल्टरने ते काढता येत नाही, कारण ते जन्मतं तेच मुळी डुप्लेक्सरच्या आत, अँटेनाच्या जोडापाशी. नेहमीची चाचणी २० वॅटच्या दोन कॅरियरची. उणे १५३ डीबीसी (कॅरियरच्या तुलनेत डेसिबल) मिळालं की सगळे खूश, म्हणजे उणे ११० डीबीएम. पण प्रत्यक्ष टॉवरवर ४० वॅटचे दोन कॅरियर असले तर ते सात-आठ डेसिबलने चढतं आणि वर म्हटलेल्या उणे १०४ च्या गोंगाटाला ओलांडतं. मागे एका खेपेला अर्धी बॅच नापास झाली होती. कारण काय, तर झाकणाचे स्क्रू कमी टॉर्कने आवळलेले. दिसायला सगळं चकचकीत.

म्हणून सिरॅमिकचा मोह मलाही आहे: एकसंध ठोकळा, झाकण नाही, स्क्रू नाहीत. पण त्याचं ट्यूनिंग म्हणजे चांदी किंवा सिरॅमिक घासून काढणं. एक खरड जास्त झाली की तो ठोकळा गेला. ट्यूनिंगचा स्क्रू उलटा फिरवता येतो हो!

ध्रुव_शून्य:
ठोकळ्याचं ट्यूनिंग आता मशीन करतं, हात थरथरायचा प्रश्न नाही. आणि तापमान कोणी काढलंच नाही. अॅल्युमिनियम अंशामागे दशलक्षात २३ भाग फुगतं. ६० अंशांच्या फरकाला १८०० मेगाहर्ट्झचा रेझोनेटर अडीच मेगाहर्ट्झ सरकेल. २० च्या फटीतले अडीच! सिरॅमिकचं मिश्रण बदलून हे सरकणं जवळजवळ शून्यावर आणता येतं.

रिकामी_डबी:
म्हणून तर डबीतला मधला खांब दुसऱ्या धातूचा करतात. त्याच्या टोकाची फट उलट दिशेने बदलते आणि सरकणं बरंचसं फिटतं. जुनी युक्ती आहे, पण रोज चालते.

मात्र त्याच फटीची एक गोष्ट माझ्या बाजूने नाही, ती मीच सांगतो. डबी लहान करायची म्हणजे खांबाचं टोक आणि ट्यूनिंगचा स्क्रू यांच्यातली फट कमी करायची, आणि विद्युतक्षेत्र नेमकं तिथेच दाटतं. सरासरी ८० वॅटच्या सिग्नलचे शिखर आठ डेसिबल वर धरले तर ५०० वॅट होतात. ४००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सहा दशांश. ठिणगीशिवाय झेपणारं क्षेत्र साधारण त्याच प्रमाणात घटतं, म्हणजे पॉवर एक तृतीयांशाच्या जरा वर. हवेच्या कॅव्हिटीची हद्द मी मानतो ती यासाठीही.

उंचावरचा:
म्हणजे डोंगरावर सिरॅमिक, सपाटीवर हवा?

रिकामी_डबी:
डोंगराचं सोडा. मी इतकंच कबूल करेन: डाउनलिंकची बाजू हवेची, अपलिंकची सिरॅमिकची. ऐकण्याच्या बाजूला उष्णता नगण्य.

ध्रुव_शून्य:
आणि तिथला लॉस? अँप्लिफायरच्या आधीचा प्रत्येक दशांश डेसिबल जसाच्या तसा नॉइज फिगरमध्ये (ऐकणारी बाजू स्वतः किती गोंगाट वाढवते त्या मापात) जमा होतो. वाटणी करायचीच तर उलटी का नको?

स्क्रूवाली:
वाटणी कशीही करा, दोन्ही बाजू एका जोडावर येणार. एकीकडे अॅल्युमिनियम, दुसरीकडे सिरॅमिक. फुगण्याचं प्रमाण वेगळं, त्यामुळे त्या जोडावर रोज दिवसा-रात्री ताण. आधी तो सांधा कसा करणार ते चित्र काढून दाखवा, मग मी सांगते त्याचा पीआयएम सहा महिन्यांनी किती येईल.