माफी मागितली, पण केव्हा?
खासगी आयुष्यातील प्रकरण उघडकीस आल्यावर एखाद्या क्रीडा प्रशिक्षकाने जाहीर माफी मागितली, की विषय संपवावा, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो यांचे उदाहरण पाहावे. १ एप्रिल २०१२ रोजी त्यांच्या मोटारसायकलला अपघात झाला, आणि दोनच दिवसांनी मानेला पट्टा लावून, आपण एकटेच होतो असे भासवत, ते पत्रकारांसमोर आले. मागे एक तरुणी बसली होती हे त्यांनी कबूल केले ते पोलिसांचा अहवाल बाहेर येण्याच्या बेतात असताना. तिच्याशी संबंध असूनही त्यांनीच तिला संघाच्या कामावर नेमले होते, त्यामुळे प्रकरण खासगी उरले नाही आणि १० एप्रिलला त्यांना काढण्यात आले. आदल्या हंगामातील ११ विजयही कामी आले नाहीत.

आमच्या रत्नागिरीकडे भातकापणी उरकून मुले कबड्डीच्या सरावाला येतात ती प्रशिक्षकाच्या शब्दावर (आईवडीलही त्याच भरवशावर त्यांना परगावच्या सामन्यांना धाडतात). म्हणून त्याच्या घरात काय चालते ते मी विचारणार नाही. उघडकीस येण्याआधी तो काय सांगत होता, ते मात्र विचारेन.