तो वास स्वच्छतेचा नाही

एकांनी लिहिलंय की पोहण्याच्या तलावावर क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ. खरं तर उलट आहे. डोळे चुरचुरवणारा तो वास बहुतांशी क्लोरामाइन्स नावाच्या रसायनांचा असतो. पोहणाऱ्यांच्या घामातल्या, लघवीतल्या युरियाशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन त्यांतलंच एक, ट्रायक्लोरामाइन, तयार होतं. ते पाण्यात टिकत नाही, हवेत येतं आणि बंदिस्त तलावात वायुवीजन कमी असेल तर तिथेच साचतं.

पोहणारा तासाभरात घरी जातो हो, पण जीवरक्षक आणि प्रशिक्षक दिवसभर तीच हवा आत ओढतात! २००२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी दोन जीवरक्षक आणि एका प्रशिक्षकाच्या दम्याचा संबंध थेट क्लोरामाइन्सशी जोडून दाखवला होता. पाण्यात न उतरणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो, हे लोकांच्या गावीही नसतं.

कामावर छाती घट्ट होते, शिट्टी वाजवतानाही दम लागतो आणि सुट्टीत बरं वाटतं, असं कुणाला होत असेल तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना नोकरी कुठे आहे ते आवर्जून सांगा. पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजणारं छोटं उपकरण) दर दोन तासांनी जोरात फुंकून आकडा वहीत लिहा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. तीन-चार आठवड्यांची ती वही बरंच काही सांगते. पण मनाने नोकरी किंवा इनहेलर सोडू नका.

आणि पोहणाऱ्यांनो, साबण लावून अंघोळ करूनच पाण्यात उतरा.