गुलमर्गला आई-आप्पांना न्यायचंय, एवढं महागडं हॉटेल घ्यावं का?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. आप्पा ७२ वर्षांचे, आई ६८ ची. घरची द्राक्षबाग. निफाडला पारा पाच-सहाच्या खाली उतरला की आप्पा रात्रभर बागेत. बांधावर शेकोट्या करून धूर धरायचा, पहाटे ठिबकचं पाणी सोडायचं, मणी तडकू नयेत म्हणून. माझ्या लहानपणी जानेवारीत त्यांच्या स्वेटरला कायम धुराचा वास असायचा. जानेवारी ते मार्च काढणीचा हंगाम, त्यामुळे थंडीत त्यांनी तालुका सोडलाच नाही.

यंदा बाग धाकट्या भावाने पूर्ण हातात घेतली. दिवाळीत आप्पा सहज बोलून गेले, "एकदा बर्फ डोळ्याने बघायचा आहे." त्यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून फेब्रुवारीत गुलमर्ग ठरवतेय, तीन रात्री.

अडलंय हॉटेलपाशी. एका पंचतारांकित हॉटेलात खोलीला रात्रीचे चाळीस हजारांच्या आसपास सांगतात, वर १८ टक्के जीएसटी. त्याच गावात आठ-दहा हजारांतही खोल्या आहेत, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. पैसे मी साठवलेत, तो प्रश्न नाही. पण आप्पांना भाडं कळलं तर त्यांना झोप लागणार नाही, आणि उगाच झुंबरांचे पैसे मलाही द्यायचे नाहीत. आईचे गुडघे दुखतात, साखरेसाठी इन्सुलिन चालू आहे. बर्फातल्या हॉटेलात एवढे पैसे नेमके कशाचे घेतात? राहून आलेल्यांनी सांगा.

पंचवटीकर

ताई, आम्ही श्रीनगरला हाउसबोटीत राहिलो आणि गुलमर्ग एका दिवसात केलं. सकाळी सातला निघालो, संध्याकाळी परत. विमानतळापासून गुलमर्ग साधारण ५५ किलोमीटर. बर्फ बघायचाच असेल तर तेवढं पुरतं. चाळीस हजारांत आमची अख्खी सहल झाली.

बॉयलर_एकलहरे

ताई, मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात ३१ वर्षं बॉयलरवर काम केलं. आता निवृत्त. फेब्रुवारी २०२३ मध्ये सौभाग्यवतींना घेऊन गुलमर्गला चार रात्री राहून आलोय, दोन वेगवेगळ्या हॉटेलांत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंचवटीकरांचं गणित तरुणांसाठी बरोबर आहे. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला एका दिवसात जाऊन-येऊन करायला लावू नका. बर्फ पडत असला की श्रीनगरची गाडी टंगमर्गपर्यंतच येते. तिथून वरचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीत बसून जायचं. उतरलात की गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, स्टेशनपर्यंत पुन्हा बर्फातून चाल. आणि खरा बर्फ सकाळी लवकर आणि संध्याकाळी बघायचा असतो, गर्दी उतरून गेल्यावर. त्या वेळी तुम्ही श्रीनगरच्या रस्त्याला लागलेले असता.

आता हॉटेल. आमचं पहिलं हॉटेल मधल्या भाड्याचं होतं. खोलीत लाकडी भिंती, फोटोतल्यासारखी सुंदर. हीटर संध्याकाळी सहाला चालू आणि सकाळी दहाला बंद, हे तिथे गेल्यावर कळलं. रात्री अकराला वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्यावर दिवे आणि स्वागतकक्षच, खोल्यांचे हीटर नाहीत. बाहेर उणे आठ-नऊ असावं. तासाभरात खोली इतकी गार पडली की आम्ही दोघं कोट घालून दोन रजयांत बसून राहिलो. पहाटे नळाला पाणी नाही, पाइप गोठलेला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पाइप फुटतोसुद्धा. सौ. काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे ओठ बघून मी सकाळी तिथून सामान हलवलं.

दुसरं हॉटेल महागडं. तिथे खोलीत पाऊल टाकलं आणि मला पायाखाली कळलं, जमीन कोमट होती. फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले. मी न राहवून तिथल्या अभियंत्याला गाठलं, एकलहऱ्याची ओळख सांगितली. त्या भल्या माणसाने मला तळघरात नेऊन सगळं दाखवलं. डिझेलवर चालणारे दोन बॉयलर, एक चालू आणि एक राखीव. पाणी फिरवायच्या पंपांचीही जोडी. पाइपांवर जाड लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, कुठे एक वीत उघडी नाही. संपूर्ण इमारतीचा भार उचलेल एवढे जनरेटर. आणि डिझेलचा साठा, कारण बर्फाने रस्ता दोन-तीन दिवस बंद पडला तर टँकर वर येत नाही. ताई, तुमचे चाळीस हजार या तळघरात जातात. चुलीपाशी जळण वेळेवर असणं, ही तिथली खरी श्रीमंती. झुंबर होतं की नाही ते मला आज आठवत नाही.

तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करून एवढं विचारा. हीटिंग चोवीस तास की ठरावीक वेळेतच? वीज गेली तर खोलीचं हीटिंग जनरेटरवर चालतं का? न्हाणीघरही गरम असतं का? बरेचदा खोली उबदार आणि न्हाणीघर बर्फासारखं असतं. म्हातारं माणूस रात्री उठतं तेव्हा त्याला तिथेच त्रास होतो. खोली लिफ्टजवळ आहे का, आणि दारापासून गाडीपर्यंतचा बर्फ रोज काढतात का? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर त्यांच्या तळघरातल्या बॉयलरच्या माणसाशी बोलायला मागा. चांगल्या हॉटेलात तो अभिमानाने बोलतो.

आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. स्वस्त ठिकाणी खोलीत बुखारी देतात, लाकडावर किंवा कोळशावर पेटणारी शेगडी. तिचा धूर नळकांड्यातून नीट बाहेर जात असेल आणि बाजूला माणूस जागा असेल तर ठीक. पण दारं-खिडक्या गच्च लावून, ती पेटती ठेवून झोपायचं नाही. निखाऱ्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने किती जीव गेले ते आपण वाचतो, प्रकार तोच. मी आयुष्यभर आगीसोबत काम केलंय. हवा नसलेल्या खोलीतल्या विस्तवाची मला आजही भीती वाटते.

गरम हॉटेलाचा एक त्रास आहे. हवा फार कोरडी होते. सौ.च्या नाकातून दुसऱ्या रात्री थोडं रक्त आलं. आम्ही पसरट भांड्यात पाणी भरून ठेवलं, नाकपुड्यांना साजूक तूप लावलं, बरं वाटलं. आणि आईंना सांगून ठेवा, तिथे चहा उकळला तरी पाणी ९१ अंशांच्या आसपासच असतं. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर, नाशिक ६०० वर. हवेचा दाब कमी, म्हणून उकळबिंदू खाली. आपल्यासारखी कडक चव उतरायला चहा जास्त वेळ उकळावा लागतो. डाळीलाही कुकर लागतोच.

सूनबाई_कॉलेजरोड

बॉयलर काकांचं वाचून अंगावर काटा आला. मी फक्त इन्सुलिनचं सांगते, माझ्या सासूबाईंसोबत अनुभव घेतलाय.

इन्सुलिन गोठलं की फेकून द्यायचं, पुन्हा वितळवून वापरायचं नाही. त्यामुळे पेन बाहेरच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आतल्या कपड्यांत, अंगाजवळ ठेवा. विमानातसुद्धा हातातल्या पिशवीतच. साखर तपासायचं यंत्रही फार गारठलं की चालत नाही, ते खोलीत आल्यावर वापरा. बोटंही आधी ऊन करून घ्या, रक्त येत नाही नाहीतर. आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवा, बर्फातली चाल अंगावर येते आणि साखर खाली जाते. निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीबद्दल नक्की विचारा.

आणखी एक, तिथे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आम्ही दोन दिवस घरी फोन करू शकलो नव्हतो.

बर्फावरची_नाशिककर

मी गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत स्कीइंगचा कोर्स केलाय. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था, राहणं-जेवण साधं पण पोटभर. म्हणजे मी काकांच्या बरोबर उलट्या टोकाला राहिले. तरी आप्पांसाठी मी काकांच्याच बाजूने आहे.

गोंडोलाबद्दल. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, सुमारे ३०८० मीटर. दुसरा अफरवट डोंगरावर, साधारण ३९५०. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. आईंना दुसऱ्या टप्प्यावर नेऊ नका. पहिल्यावर भरपूर बर्फ आहे, बसायला जागा आहे, चहा मिळतो. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, तिथे रांगेत उभं राहून मिळत नाही. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे त्यावर दिवस बेतू नका.

आप्पांना स्की घालून बघायच्या असतील तर गावातल्या सपाट उतारावर शिकवणारे मिळतात. दोन्ही स्कींची टोकं आत वळवली की वेग तुटतो, पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात. ७२ व्या वर्षी गुडघ्यांचा विचार करा. पण नुसतं बूट घालून दहा पावलं चालायलाही माणसाला फार आनंद होतो, मी शिकवताना पाहिलंय.

हॉटेल निवडताना गोंडोलापासूनचं अंतर बघा. महागड्या हॉटेलांचा हा मोठा फायदा, काही तर अगदी जवळ आहेत. नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्ली आणि तिथून श्रीनगर, असं जाल ना? मग परतीला एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात. आणि फेब्रुवारी उत्तम निवडलात. जानेवारी २०२४ मध्ये पहिले तीन आठवडे गुलमर्गला बर्फच नव्हता, लोक तपकिरी गवत बघून परतले होते.

जेवणाची काळजी करू नका. आई शाकाहारी असतील तर नदरू यखनी मागा, कमळाच्या देठाची दह्यातली भाजी. सोबत हाक, म्हणजे तिथली पालेभाजी, आणि भात.

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी कामावरून फोन केला. काका, तुम्ही सांगितलेलं सगळं कागदावर लिहून घेतलं होतं. पहिल्या हॉटेलवाल्याने "सगळी सोय आहे मॅडम" एवढंच तीनदा सांगितलं. दुसऱ्या, महागड्या हॉटेलात मी जनरेटरचं विचारल्यावर त्यांनी खरंच खालच्या माणसाला फोन दिला. हीटिंग चोवीस तास, वीज गेली तरी पूर्ण चालू, न्हाणीघराची फरशीसुद्धा गरम. डिझेल किती दिवसांचं असतं तेही त्याने स्वतःहून सांगितलं.

दोन रात्री तिथे आणि एक रात्र श्रीनगरला, असं ठरवलं. परतीचा दिवस मोकळा ठेवलाय. आईच्या डॉक्टरांची वेळ सोमवारी घेतली आहे. आप्पांना भाड्याचा आकडा सांगणार नाही, पण त्या बॉयलरचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "एवढ्या थंडीत तिथले बागवाले रात्री झाडं कशी राखतात? धूर करतात का?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

बर्फावरची_नाशिककर

त्यांना सांगा, तिथे रात्री कुणी बागेत जात नाही. सफरचंदाचं झाड हिवाळ्यात पान टाकून झोपतं आणि त्याला थंडी हवीच असते. गारठ्याचे ठरावीक तास भरले नाहीत तर वसंतात फुलोरा नीट येत नाही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडी. त्यात बर्फ भरपूर पडला की तिथला बागवाला खूश असतो, उन्हाळ्याचं पाणीही त्यातूनच येतं. त्यांची धास्ती मार्च-एप्रिलमध्ये सुरू होते, फुलं उमलल्यावर थंडी परत फिरली तर.

टंगमर्गच्या अलीकडे रस्त्याला लागून बागा आहेत. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, तिथे गाडी थांबवेल. तेव्हा झाडं नुसती काळी, उघडी असतील, खोडाशी बर्फ. तिथला शेतकरी भेटला तर छाटणीचं विचारा. आप्पा आणि तो बोलत बसतील, त्यासाठी अर्धा तास जास्तीचा धरा.

बॉयलर_एकलहरे

आप्पांना माझा नमस्कार सांगा. गाडीतून उतरताना त्यांच्या पायात रबरी तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट असू द्या. टंगमर्गला भाड्याने मिळतात. पण आतले लोकरीचे मोजे घरून दोन जोड न्या, एक जोड ओला झाला की लगेच बदलायला.