मदत हवी आहे: पेप्सिन घातलं तरी अंडं विरघळंना, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, भाची बारावी सायन्सला आहे इथंच कोल्हापुरात, तिला प्रोटीनच्या पचनाचा प्रयोग करायचाय आणि मामा म्हणून मी मधे पडलोय (माझं बायॉलॉजी दहावीलाच सुटलं). लॅबमधे तिनं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे बारीक तुकडे करून तीन टेस्टट्यूबमधे घातले, एकीत नुसतं पेप्सिन (जठरातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम), दुसरीत नुसतं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड, तिसरीत दोन्ही, आणि ३७ डिग्रीच्या पाण्यात ठेवल्या. तिसरी विरघळायला पाहिजे होती ना? ढिम्म. पेप्सिनची पावडर गार पाण्यात गुठळ्या धरत होती म्हणून उकळत्या पाण्यात ढवळून घेतली, बाकी सगळं पुस्तकाप्रमाणं. जर्नलच्या पहिल्या पानावर '१८३६, थिओडोर श्वान, पेप्सिनचा शोध' असं सुबक अक्षरात लिहिलंय आणि निकालाचं पान कोरं.

अजून एक, रविवारी मटण झालं की आमचे आजोबा पाण्यातनं खायचा सोडा घेतात, जिरतं म्हणून. सोड्यानं ॲसिड मरतं, मग पेप्सिन चालतं कसं?

प्रतिसाद: उकळत्या पाण्यातच घोळ झालाय बघा. पेप्सिन स्वतःच प्रोटीन आहे, उकडल्यावर अंड्याचं जे झालं तेच त्याचं झालं. कोमट पाण्यात हळूहळू विरघळवा, ॲसिड दोनेक पीएचचं ठेवा. आणि फसलेलं फेकू नका, चौथी ट्यूब म्हणून लिहा, उकळलेलं एन्झाइम चालत नाही याचा पुरावाच आहे तो.

आजोबांचं म्हणाल तर सोड्यानं पेप्सिन थोडा वेळ मंदावतं खरं, पण जठर परत ॲसिड सोडतं. शिवाय पेप्सिन प्रोटीनच्या लांब साखळीचे नुसते तुकडे पाडतं, खरं काम पुढं लहान आतड्यात, स्वादुपिंडातनं येणारं ट्रिप्सिन करतं आणि त्याला ॲसिड नकोच असतं. सोड्यानं ढेकर येतो, जळजळ थांबते, म्हणून जिरल्यासारखं वाटतं. बीपी असेल तर मात्र रोज देऊ नका, त्यात सोडियम असतं.

धागाकर्ता: लई आभार! आज परत लावलं, तिसरीतल्या तुकड्यांच्या कडा काचेसारख्या झाल्यात, बाकीच्यांत काही नाही. आजोबांना बीपी आहे, सोड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, त्यांना अजून सांगितलं नाही.