‘मूल्यनिरपेक्ष राहा’ म्हणजे नेमके काय करायचे?

नोंदवही :
नमस्कार. समाजशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी मराठवाड्यातील एका गावात टँकरच्या पाण्याच्या वाटपाचा अभ्यास करीत आहे. विषय निवडतानाच मला जातिभेद दिसेल असे वाटत होते आणि तो दिसलाही : टँकर विहिरीत रिकामा होतो, आणि दलित वस्तीतल्या बायका आधी येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांचा पोहरा शेवटी पडतो. अडचण पुढे आहे. त्या वस्तीत दोन समाज राहतात, आणि तिथल्या हातपंपावर त्यांच्यापैकी एक दुसऱ्याला आधी पाणी भरू देत नाही, हे मी तीन सकाळी स्वतः पाहिले. ही नोंद छापली तर ‘ते तरी आपसात कुठे वेगळे वागतात’ म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल. मार्गदर्शकांनी समासात ‘मूल्यनिरपेक्ष राहा’ एवढाच शेरा मारला आहे. म्हणजे मी नेमके काय करावे?

जुना प्राध्यापक :
हा शेरा मीही आयुष्यभर मारला, त्यामुळे थोडी जबाबदारी माझ्याकडेही येते. मूल्यनिरपेक्षतेबद्दल, म्हणजे आपल्या मूल्यांना निष्कर्ष ठरवू न देण्याबद्दल, जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने 1904 च्या निबंधात जे मांडले, त्याचा आपल्याकडे बहुधा अर्धाच भाग शिकवला जातो. समाजातल्या असंख्य घटनांपैकी कोणती अभ्यासण्याजोगी आहे, हे आपल्या मूल्यांवाचून ठरूच शकत नाही, असे तो म्हणतो. म्हणजे पाणी आणि जात हा विषय आपण आस्थेने निवडला, यात दोष काहीच नाही. एकदा प्रश्न ठरला, की पुरावा काय सांगतो हे मात्र त्या आस्थेला ठरवू द्यायचे नाही. पुढे 1917 च्या व्याख्यानात, विद्यार्थ्यांना त्यांच्या पक्षाला गैरसोयीची असलेली तथ्ये ओळखायला शिकवणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे, असे तो सांगतो. हातपंपावरची आपली नोंद नेमकी तशीच गैरसोयीची आहे, म्हणून ती प्रबंधात असलीच पाहिजे.

पारावरचा :
सरांचे म्हणणे मान्य आहे, पण मला वेगळीच शंका येते. ताई, आपण गावात उतरता कोणाकडे? मूल्ये मनात असतात असे धरून आपण मन तपासत बसतो, आणि आपला मुक्काम कुठे आहे हे तपासायचे राहून जाते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरकडच्या ज्या गावात राहिले, त्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले. तिथे त्यांचा मुक्काम गावच्या मुखियाच्या जागेत होता आणि गाव त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवत होते. आपल्याला दिसलेले गाव हे वरच्या जातींच्या बाजूने दिसलेले गाव आहे, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. पूर्वग्रह नसलेला माणूससुद्धा वाड्याच्या ओसरीवर बसला, की त्याला ओसरीवरून दिसते तेवढेच दिसते.

उतरंड :
हातपंपाच्या नोंदीने आपला मुद्दा दुबळा होतो, हे गृहीतच मला पटत नाही. डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले, त्याचा अर्थच असा की प्रत्येक पायरीला आपल्या खाली कोणीतरी सापडते आणि त्यामुळे वरच्या पायरीविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत. विहीर आणि हातपंप ही एकाच उतरंडीची दोन मडकी आहेत, असे मला वाटते. लपवाल तर प्रबंधातली सर्वांत बोलकी जागा गमावून बसाल.

जुना प्राध्यापक :
उतरंड यांचे विवेचन मला आवडले, पण एक सावधगिरी सुचवतो. विहिरीवर भेद दिसला तरी सिद्धान्त खरा आणि हातपंपावर दिसला तरी खरा, असे होऊ लागले, तर काय दिसले असते म्हणजे आपण चुकलो असे मानले असते, हे आधी लिहून ठेवावे. त्या भांडणामागे जातीऐवजी घरांचे अंतर किंवा पंपाच्या दुरुस्तीची वर्गणी असू शकते, तेही विचारा. आणि प्रस्तावनेत ‘संशोधकाची भूमिका’ म्हणून आपली जात, लिंग, गाव एका परिच्छेदात सांगून पुढे पूर्वीसारखेच लिहीत जाण्याची नवी रीत पडली आहे, तिचा उपयोग पूजेआधी सोडलेल्या संकल्पाइतकाच होतो.

नोंदवही :
सर्वांचे आभार. पारावरचा यांचा प्रश्न वाचून नोंदवही उघडली. 34 मुलाखतींपैकी 21 मी जिथे उतरते त्या घराच्या ओसरीवर घेतल्या आहेत, आणि वस्तीतल्या ज्या सात जणी तिथे आल्या त्या सगळ्या उभ्यानेच बोलल्या. हे मी तेव्हा लिहून ठेवले होते, पण त्याचा काही अर्थ असेल असे वाटले नव्हते. त्या सातही मुलाखती वस्तीत जाऊन पुन्हा घेणार आहे, आणि वर्गणीचेही विचारीन. फक्त वस्तीत गेले की मला खुर्ची देतात आणि घरातले सगळे खाली बसतात; नाकारली तर त्यांना वाईट वाटते.

पारावरचा :
खुर्ची नाकारू नका, यजमानाचा मान राहू द्या. कोणाकडे ती शेजारून मागून आणावी लागली, आणि कोणत्या घराने त्यासाठी शेजारी माणूस पाठवला नाही, एवढे मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा. हातपंपाचा उलगडा कदाचित त्यातूनच होईल.